दाराकडे वळणारं स्टूल

मिशनची कोठी सांभाळणाऱ्या बाईला सगळे मावशीच म्हणत. गरजू कुटुंबांना धान्य द्यायचं आणि मिशनच्या इमारतीतली खोली रिकामी झाली की पुढच्या बिऱ्हाडासाठी ती नीट करायची, ही तिची कामं. मिशनमध्ये काही वाया जात नसे. गेलेल्या माणसाची भांडी घासून, पांघरुणं धुऊन पुढच्यांना द्यायची. देण्याआधी मावशी त्यांवर हात ठेवून येशूचं नाव घेई आणि म्हणे, "जा, आता नव्या घरी नीट नांदा."

तळमजल्यावरची आजी गेली, तेव्हा तिचं लाकडी स्टूलही असंच धुतलं. त्यावर बसूनच आजीनं वर्षानुवर्षं दाराकडे डोळे लावले होते. रागावून गेलेला मुलगा परत येईल म्हणून. मावशीनं स्टूल खोलीतच राहू दिलं आणि खोली एका इस्त्रीवालीला मिळाली. नवरा नाही, पदरात दोन लहान मुली. तोवर त्या एका दुकानाच्या जिन्याखाली राहत होत्या.

आठवडा उलटतो न उलटतो तोच इस्त्रीवाली किल्ली घेऊन कोठीच्या दारात.

"मावशी, ही घ्या. आम्ही जिन्याखालीच बऱ्या."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का? धाकटीचा खोकला आत्ता कुठं उतरतोय!"

"स्टूल कोपऱ्यात ठेवते, सकाळी ते दारासमोर. काल उलटं ठेवलं, तरी तेच. मुली त्याला वळसा घालून जातात, कुणी बसल्यासारखं."

फादर तिथंच होते. "फरशीला उतार असेल," ते म्हणाले.

"मग माझी पातेली बरी जागची हलत नाहीत, फादर! उतार काय एकट्या स्टुलालाच कळतो?"

फादर हसले. मावशीला हसू आलं नाही. ती इस्त्रीवालीबरोबर खोलीवर गेली. दारासमोरच्या स्टुलावर तिनं हात ठेवला. लाकूड कोमट होतं, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखं. ऊन तर त्या खोलीत कधी येतच नसे.

"हे मी नेते," ती म्हणाली. "किल्ली तुझ्याकडेच राहू दे. पोरींना पुन्हा जिन्याखाली नेलंस तर माझ्याशी गाठ आहे."

मावशी एकटीच राहायची. तिनं स्टूल स्वयंपाकघरात भिंतीला टेकवलं. सकाळी चहा ठेवायला गेली, तर ते तिच्या दारासमोर उभं.  ती मागं सरली नाही.

"आजी," ती हलकेच म्हणाली, "इथं कसा येईल तो? त्याला हे घर कुठं ठाऊक आहे?"

 हे म्हणताच आपण काय करून बसलो ते मावशीला उमगलं. पोरींचं छप्पर वाचवताना तिनं आईला मुलाच्या वाटेवरून उचलून आणलं होतं.

चहा तसाच टाकून ती खोलीवर गेली. मुलींची झोप पूर्ण झाल्याचं तोंडावर दिसत होतं. इस्त्रीवाली चादरींना इस्त्री करत होती.

"आजीचा रागावून गेलेला मुलगा तिला विचारत आला, तर माझ्याकडे पाठव."

"ओळखू कसा त्याला?"

"दार उघडं असलं तरी बाहेरच घुटमळेल. 'तोंड दाखवू नकोस' म्हणाली होती ती त्याला."

इस्त्रीवालीनं इस्त्री उभी केली. 

"मग त्यानं विचारायची वाट नाही बघायची," ती म्हणाली. "मीच म्हणेन, ये, बस."