भूलबाई आणि तेराचा पाढा

आमच्या दवाखान्यातल्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई पेशंटला आजार नंतर विचारायच्या, गाणं आधी. "काम करता करता तोंडात काय येतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. खेड्यावरून आलेली माणसं त्यांना भूलबाई म्हणायची आणि हळूहळू आम्ही सिस्टर मंडळीही तेच म्हणायला लागलो. एप्रनच्या खिशात साबणाच्या वडीएवढा स्पीकर घेऊन त्या नगरच्या आमच्या दवाखान्यात हिंडायच्या. ऑपरेशनची वाट बघत पेशंट खाटेवर पडलेला असायचा, तेव्हा त्याच्या उशाशी स्पीकर ठेवून त्याचं गाणं हळू आवाजात लावायच्या. त्यांच्या स्वतःच्या गळ्याचं मात्र सुरांशी जन्माचं वैर होतं. गुणगुणायला लागल्या की आम्ही म्हणायचो, "बाई, राहू द्या, पेशंट भुलेआधीच बेशुद्ध पडेल." त्या आणखी मोठ्याने गुणगुणायच्या.

पेशंट लाजला तर त्या नातेवाइकांकडे वळायच्या. नवऱ्यांची तर तोंडी परीक्षाच व्हायची. राजूरकडच्या एका गड्याला त्यांनी विचारलं, मालकिणीला काय ऐकायला आवडतं? गडी डोकं खाजवत म्हणाला, "ती कुठं ऐकती बाई. लगीन झाल्यापास्नं मीच ऐकतोय." खाटेवरची मालकीण अशी खदखदून हसली, की त्या दिवशी स्पीकर खिशातच राहिला.

एकदा लग्नाच्या बँडचे एक मास्तर हर्नियासाठी आले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. बाईंनी मोठ्या हौसेने क्लॅरनेट लावलं, तर चाचांची नाडी धावायला लागली. "बंद करा डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "हे वाजलं की वाटतं वरात निघाली, आता उन्हात चालायचं." बाईंनी मुकाट्याने स्पीकर बंद केला आणि चाचा शांत झोपले. त्यानंतर बाई आम्हाला बजावायच्या, "औषध माझ्या पसंतीचं, गाणं त्याच्या."

मग पाळी आली माझ्या आईची. आई कोपरगावला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, निवृत्त झाल्यावर नगरला सावेडीत माझ्याकडे राहायला आली. पित्ताशयातल्या खड्यांनी तिला अगदी हैराण केलं होतं. पण पहिल्या वेळी ऑपरेशन थिएटरचं दार दिसताच तिचं बीपी असं चढलं, की तिला खाटेसकट माघारी आणावं लागलं. कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा हृदयाच्या ऑपरेशनसाठी असेच एका दारातून आत गेले होते आणि परत आले नव्हते. आई त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुन्हा दुखणं उसळलं तर घाईघाईत करावं लागेल, आणि या वयात ते मला नको आहे."

दुसऱ्या वेळी बाईंनी मला विचारलं, आईचं गाणं कोणतं? मी छातीठोकपणे सांगितलं, चर्चमधली गीतं. रविवारी पहिल्या बाकावर बसून ती खड्या आवाजात म्हणते. बाईंनी गीत लावलं आणि बीपी आणखी चढलं. बाबांच्या मातीला हेच गीत म्हटलं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आई पुन्हा वॉर्डात.

त्या दुपारी बाई स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या. "टीचर, तुम्हाला सगळ्यात निवांत कधी वाटायचं?" आई म्हणाली, "पोरं पाढे म्हणायला लागली की. मी खिडकीशी उभी राहायचे. तेवढा वेळ कशाची काळजी नसायची." बाईंनी तडक स्कूटर काढली आणि जवळच्या शाळेतल्या चौथीच्या वर्गात जाऊन पाढे मोबाइलवर रेकॉर्ड करून आणले.

तिसऱ्या वेळी उशाशी स्पीकर होता आणि त्यातून पोरं एका सुरात, शेवटचा शब्द लांबवत, पाढे म्हणत होती. आईच्या आवळलेल्या मुठी सैल झाल्या. खाट दारातून आत गेली तरी ती ऐकतच होती. बाराचा झाला, तेराचा सुरू झाला. "तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साते ब्याण्णव."

आईने खाडकन डोळे उघडले. "एक्क्याण्णव. कोण म्हणालं ते? पुन्हा म्हणायला लावा."

"लावते टीचर," बाई तिच्या तोंडावर मास्क धरत म्हणाल्या, "तुम्ही नीट लक्ष ठेवा."

लक्ष ठेवता ठेवता आईला भूल चढली. बीपी अगदी जागेवर होतं. ऑपरेशन छान झालं. शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "म्हटला का नीट?"

बाईंनी मला नंतर हळूच सांगितलं, "पोरांचा पाढा पक्का आहे गं. मीच चुकवायला लावला. मास्तरीण चूक शोधायला लागली, की तिला घाबरायला फुरसत कुठे?"

पुढच्याच महिन्यात बाई निवृत्त होऊन लेकीकडे नाशिकला गेल्या. त्यांच्यावाचून थिएटर सुनं वाटतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पेशंटला गाणं विचारायचं काम आता माझ्याकडे आहे.

इकडे आईला तो पाढा काही स्वस्थ बसू देईना. तब्येत सुधारल्यावर ती रिक्षा करून त्या शाळेत गेली, पोरांचा तेराचा पाढा दुरुस्त करायला. पोरांनी तो घडाघडा म्हणून दाखवला आणि त्या दिवशी डॉक्टरबाईंनीच चुकवायला सांगितलं होतं, हेही सांगून टाकलं. आई पाय आपटतच घरी आली. "लाव तुझ्या भूलबाईला फोन."

मी स्वयंपाक करत होते. तसाच फोन लावून तिच्या हातात दिला. तिने बाईंना चांगलंच फैलावर घेतलं. डॉक्टर असून लेकरांना चुकीचं म्हणायला लावता, एका शिक्षिकेला फसवता. पलीकडून बाईंचं हसणं मला ओट्यापाशी ऐकू येत होतं. मग आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आमच्या यांच्या वेळी तुम्ही असायला हव्या होतात," ती म्हणाली. "आत जाताना माझा हात सोडत नव्हते हो. मीच सोडवून घेतला."

बाबा गेल्यापासून त्या दिवसाबद्दल तिने काढलेला हा पहिला शब्द होता. मी गॅस बंद केला आणि तिच्याजवळ जाऊन बसले.