ताईसाठी खिडकी

काकूंना राग आला की त्यांचं शिवणयंत्र जोरात चालायचं. गल्लीला हे पाठ होतं. यंत्र संथ कुरकुरत असलं तर खुशाल आत जावं, आपल्या सोफ्याचं काय झालं ते विचारावं, चहासुद्धा मिळतो. पण खडखडाट ऐकू आला तर शहाण्या माणसाने दारावरूनच मागे फिरावं. त्या वर्षी वसंतापासून यंत्र जे खडखडायला लागलं ते थांबलंच नाही.

काकू गाड्यांच्या सीटा आणि लोकांच्या सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवायच्या. दिलेल्या दिवशी काम हातात, यात कधी खाडा नाही. आणि अशा बाईच्या नशिबी नवरा कोण, तर झालंचकाका. बस डेपोत वायरमन म्हणून उभी हयात गेलेला माणूस. कुणी काहीही विचारलं, काम कुठवर आलं, जेवायला येताय ना, नळ दुरुस्त केलात का, की उत्तर एकच, "झालंच!" डेपोतल्या पोरांनी ठेवलेलं नाव गल्लीनेही उचललं. माणूस तसा गुणी, हाताला कसब, व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. पण एक काम बंद करायच्या आधी दुसरं उघडायचं, ही खोड. घरातल्या निम्म्या बटणांना झाकणं नव्हती.

मागच्या अंगणात त्यांची गाडी उभी होती. जुनी, बुटकी, आत झोपायला पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, ताटाएवढं बेसिन आणि पाण्याची टाकी. मोटरहोम म्हणतात तसली. निवृत्त झाल्यावर फिरायचं म्हणून काकांनी ती कुणाकडून तरी आणली. काकूंनी पहिल्याच महिन्यात गाद्या, उशा, पडदे शिवून टाकले. त्या गाद्यांचा रंग अंगणात उभ्या उभ्या विटला, पण गाडी फाटकाबाहेर गेली नाही. लोक फिरायला जातात आणि येऊन गाडी दुरुस्त करतात. आमच्याकडे फिरायला जाण्याआधीची दुरुस्तीच संपत नाही, असं काकू येईल-जाईल त्याला ऐकवायच्या. तोवर ते ऐकवणं हसण्यावारी जाण्यासारखं होतं.

मग वसंतात ताईचा फोन आला.

ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आजारी आईचं केलं आणि धाकटीला वाढवलं. आता दूरच्या गावात एकटी राहायची. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून तिला बसून प्रवास जमत नसे. अर्धा तास बसली की कळवळायची. त्या दिवशी ती फोनवर अगदी सहज म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, डोळ्यांचे पडदे चाललेत. थंडीपर्यंत उजेड आणि अंधार एवढंच कळेल. तू काही मनाला लावून घेऊ नकोस."

काकूंनी मनाला लावून घेतलं. लहानपणी शाळेची सहल समुद्रावर गेली होती. आईला एकटं ठेवता येईना म्हणून ताई घरी राहिली आणि धाकटीला पाठवलं. परत आल्यावर ताईने विचारलं, कसा असतो गं समुद्र? ताईला वाईट वाटू नये म्हणून धाकटी म्हणाली, नुसतं पाणी असतं, काही खास नाही. ताईचं पुढे सगळं आयुष्य कामात गेलं, समुद्र राहूनच गेला.

"पलंगावर झोपवून नेऊ तिला," काकू काकांना म्हणाल्या. "गाडी आहेच. पुढच्या महिन्यात निघायचं. डोळे आहेत तोवर."

"झालंच!" काका म्हणाले. "फक्त छताचं सील तेवढं बदलतो."

छतावरच्या झरोक्याभोवतीचं, पाणी अडवणारं सील फुटलं होतं, हे खरं. ते काढलं तर खालचं लाकूड ओल्या पावासारखं मऊ निघालं, हेही खरं. काकूंनी स्वतः बोट खुपसून पाहिलं. लाकूड बदलायला छताचा पत्रा उचलावा लागला. पत्रा उचलल्यावर काकांना जुन्या वायरी दिसल्या. वायरमनला जुन्या वायरी दिसणं म्हणजे काय ते काकूच जाणोत. वायरी ओढल्या, तर नवी बॅटरी हवी. बॅटरी आली, तर छतावर सोलर हवं. सोलर बसवायचं तर आणखी एक आडवी पट्टी हवी. मग पाण्याचा पंप आवाज करतो म्हणून तो खोलला.

"पंप आवाज करतो तर करू दे की!" काकू ओरडल्या. "आवाज केल्याने पाणी यायचं थांबतंय का?"

"अगं, रात्री ताईंची झोपमोड होईल."

प्रत्येक वेळी असंच. प्रत्येक गोष्टीला कारण, आणि प्रत्येक कारण बिनतोड. काकूंना सगळ्यात जास्त राग कधी यायचा, तर नवरा बरोबर असला की. चुकलेल्या माणसाला निदान चार शब्द सुनावता येतात. बरोबर असलेल्या माणसापुढे नुसतं आतल्या आत जळायचं आणि यंत्रावर पाय आपटायचा.

आणि एक दिवस त्या बाजारातून आल्या तर गाडीच्या कुशीला भलंमोठं भोक. पलंगाजवळची खिडकी काकांनी काढून कुंपणाला टेकून ठेवली होती आणि पत्रा कापला होता. आतला पलंग अंगणातून दिसत होता.

काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली. "अहो! हे काय करून ठेवलंत?"

"खिडकी मोठी करतोय."

"चांगली होती ना ती! सरकत होती, उघडत होती, काय वाईट होतं तिचं?"

"वर होती," काका म्हणाले. "आत ये, पड बरं पलंगावर. पूर्वीची खिडकी इथून सुरू व्हायची. आडवं पडलं की नुसतं आकाश दिसायचं. ताई काय आकाश बघायला येणारेत? त्यांना पडल्या पडल्या समुद्र दिसायला हवा."

काकू तशाच चपलांसह पलंगावर पडल्या. त्यांनी मान वळवली. भोकातून कुंपण दिसलं, कुंपणापलीकडचा रस्ता दिसला, रस्त्यावरून जाणारा कुत्रादेखील दिसला. काकांचं म्हणणं खरं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण काय बोलणार?

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"आठवडाभर. झालंच!"

काच कापून आली ती बोटभर कमी. दुसरी मागवली. तोवर कापलेल्या कडेला गंज दिसला, तो घासला. घासताना पत्रा पातळ झाला, मग मागून पट्टी जोडली. उन्हाळा सरला. काकूंनी त्या खिडकीसाठी नवे पडदे शिवले. माप घ्यायला दोनदा आत गेल्या, फीत लावून लांबी-रुंदी घेतली आणि रागारागात परत आल्या. शेजाऱ्यांशी बोलणं टाकलं. गिऱ्हाइकांवर खेकसल्या. काकांशी तर फक्त "जेवायला या" एवढंच उरलं होतं. ताई मात्र फोनवर म्हणायची, "अगं, घाई काय आहे? करू दे की त्यांना मनासारखं."

एका सकाळी ताईने विचारलं, "तुमच्याकडेही ढग आलेत का गं? इथे सकाळपासून अंधारलंय नुसतं."

काकूंनी फोन ठेवला आणि ताईच्या शेजारणीला लावला. शेजारीण म्हणाली, "छे हो, कुठले ढग? कपडे वाळत घातलेत मी. लख्ख ऊन आहे."

काकू अंगणात गेल्या. काका नव्या काचेच्या कडेने सीलंटची पट्टी ओढत होते, जीभ दातात धरून, एकसारखी, सुबक. काकूंनी त्यांच्या हातातली नळी काढून घेतली. हत्यारांची पेटी उचलली, शिवणाच्या खोलीत नेऊन ठेवली आणि खोलीला कुलूप लावलं.

"उद्या निघायचं," त्या म्हणाल्या.

"अगं, सील आतून सुकायला अजून चार..."

"उद्या! नाहीतर मी एकटी निघते. मला गाडी चालवता येत नाही, तरी निघते. आपटले कुठे तर त्याचं पाप तुमच्या डोक्यावर बसेल."

काका "झालंच" म्हणाले नाहीत. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "गाडी तयार झाली की मग मी रोज करू काय?"

म्हणजे हे होतं! एवढी वर्षं हे होतं! काकूंना एखाद्या दिवशी या बोलण्याची दया आली असती. आज आली नाही. "माझ्या बहिणीचे डोळे गेले," त्या म्हणाल्या, "आणि तुम्हाला वेळ कसा घालवायचा याची पडलीय." आणि त्या आत निघून गेल्या.

प्रवासात दोघं एका शब्दाने बोलले नाहीत. दुरुस्त झालेला पंपही बोलला नाही. अगदी मुका होता. काकूंना त्याचाही राग आला.

ताईला दोन शेजाऱ्यांनी धरून गाडीत चढवलं. ती पलंगावर पडली आणि तिचे हात फिरायला लागले. गादीवरून, उशीवरून, पडद्याच्या काठावरून. "हा टाका तुझा," ती म्हणाली. "किती बारीक घातलायस!" मग काकांना म्हणाली, "छान केलीत हो गाडी. जराही खडखडत नाही." ताईला दिसत होतं ते एवढंच, की एका बाजूला उजेड आहे. तिने तोंड त्या बाजूला वळवून ठेवलं होतं. काका आरशातून मागे बघायचे आणि लगेच नजर पुढे घ्यायचे.

दुपारी समुद्र आला. काकांनी गाडी किनाऱ्याच्या कठड्यापाशी अशी अचूक उभी केली की खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत समुद्रच समुद्र. इंजिन बंद झालं. आत काही म्हणजे काही ऐकू येईना. समोर लाटा फुटत होत्या आणि त्यांचा आवाज नव्हता.

"आला?" ताईने विचारलं.

"आला."

"मग खिडकी उघड ना. वारा येऊ दे. ऐकू दे तरी मला."

काकूंनी पडदा पुरता सारला आणि कडी शोधायला हात फिरवला. वर नाही. खाली नाही. डावीकडे, उजवीकडे नाही. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका पांढरेफटक पडले होते.

"ती... उघडत नाही," ते म्हणाले. "सबंध काच आहे. गळू नये म्हणून."

डेपोत सगळी हयात पावसाने भिजलेल्या वायरी काढण्यात गेली होती. जी खिडकी उघडते ती आज ना उद्या गळते, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. ताई पडल्या पडल्या काय बघेल याचा विचार त्यांनी सहा महिने केला. तिला दिसेनासं झालं तर काय, हा विचार त्यांच्या डोक्यातच आला नाही. आणि काकूंनी दोनदा माप घेतलं होतं, दोनदा! रागात इतक्या बुडाल्या होत्या की खिडकीला कडी नाही हे त्यांच्याही लक्षात आलं नाही. हे ध्यानात आल्यावर त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

त्यांनी खिडकीच्या समोरच्या बाजूचं दार उघडलं. दार रस्त्याकडे होतं. उभ्या ट्रकांचा धूर आणि हॉर्न आत आले. ताई खोकली. काकूंनी दार आपटून बंद केलं.

"गाडी वळवून लावतो," काका उठत म्हणाले.

"काही वळवायचं नाही आता!" काकू कडाडल्या. "सहा महिने वळवतच होतात!" त्यांनी पिशवीतून कापड कापायची सुरी काढली आणि पाती काचेच्या कडेला लावली.

काकांनी त्यांचं मनगट धरलं. "तू नको. काच फुटेल, ताईंच्या अंगावर येईल. मी लावलीय. कुठून सुटेल ते मला माहीत आहे."

सुरी घेऊन ते बाहेर गेले. स्वतःच ओढलेली ती सुबक काळी पट्टी त्यांनी एका कोपऱ्यापासून कापायला घेतली. अख्ख्या आयुष्यात पुरतं संपवलेलं हे त्यांचं एकच काम असेल. आतून सील सुकलं नव्हतं, म्हणून ते निघत गेलं. काकू आतून दोन्ही तळहात काचेला लावून उभ्या होत्या. शेवटचा कोपरा सुटला, काच काकांच्या अंगावर कलली, आणि वारा आत घुसला.

पडदे छताला जाऊन चिकटले. ओट्यावरचा पेला खाली गडगडला. लाटांचा आवाज एकदम अंगावर आला. ताईने तोंड उघडलं, खारा वारा गिळला आणि लहान मुलीसारखी हसली. मग तिने हात लांब करून भोकाची कड चाचपली. एका बाजूची सापडली. दुसरी सापडेना.

"बाई गं, केवढी मोठी खिडकी ही! कुणी केली?"

"यांनी," काकू म्हणाल्या. दात ओठ खातच म्हणाल्या, पण म्हणाल्या. "तुला पडल्या पडल्या समुद्र दिसावा म्हणून."

ताईने धाकटीचा हात शोधून घट्ट धरला. "मग सांग. कसा आहे? आणि या वेळी खरं सांग."

काकूंचा राग तसाच होता. नवऱ्यावर होता, स्वतःवर होता, वाया गेलेल्या उन्हाळ्यावर होता. त्यांनी डोळे पुसले आणि बाहेर पाहिलं, तर समोर काका. ती भलीमोठी काच दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून, मान खाली घालून, खिडकीच्या बरोबर मधोमध उभे.

"अहो, बाजूला व्हा!" काकू ओरडल्या. "ताई समुद्र बघतेय."

काका काच घेऊन बाजूला झाले.