कंस, एकतीस, एम

"वाचल्याशिवाय फायल सोडायची नाय," असं म्हणून ताई कपाळावरचा चष्मा खाली ओढायच्या आणि स्क्रीनवरच्या पहिल्या ओळीवर बोट टेकवायच्या. मग ओठ हलवत एकेक ओळ. त्यांच्या मॉनिटरवर बोटांच्या ठशांचा एक उभा पट्टाच पडला होता. आम्ही तरुण मंडळी त्याला हसायचो. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याच्या कामाच्या पद्धतीला सगळे हसतात आणि त्याच्याच जिवावर निर्धास्त राहतात.

पळस्प्याजवळच्या कंटेनर यार्डात मी कंप्युटरचं बघायचो. ताई कंत्राटावरच्या ऑपरेटर, उरणकडच्या कोळीवाड्यातल्या. त्यांनी चाळिशी ओलांडलेली, मी सव्वीसचा. ऑफिसात सगळे त्यांना ताई म्हणायचे. त्या मात्र मला 'सर' म्हणत, आणि मी म्हणू दिलं.

यार्डातल्या थंड कंटेनरांचं तापमान तपासणारी एक स्क्रिप्ट होती, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या हुकमांची साधी फाईल. ताई रोज सकाळी ती चालवत. प्रत्येक कंटेनरची एक ओळ येई: आधी 'ओके' किंवा 'फेल', मग नंबर. ही यादी फाईलीत साठवून त्या मुख्य कार्यालयाला मेल करायच्या. तिथला प्रोग्राम 'फेल'ने सुरू होणाऱ्या ओळी उचलायचा आणि दुरुस्तीवाल्याला कळवायचा.

मला ती पांढरी अक्षरं फार मागासलेली वाटत. एका दुपारी मी स्क्रिप्टमध्ये रंग घातले. ओके हिरवं, फेल लाल. साहेबांनी पाठीवर थाप मारली. ताईंनीही कौतुक केलं, "जत्रेवानी दिसतंय, सर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"सर, जरा बघता? फायलीत रंग नाय आला, पन प्रत्येक ओळीच्या आधी कंस हाय. लाल होती तिथं कंस, एकतीस, एम. हिरवी होती तिथं बत्तीस. हे काय बोलतंय?"

मी मोबाईलमधून मानही वर केली नाही. "काही नाही, रंगाच्या खुणा आहेत त्या. पाठवा तुम्ही."

"नक्की ना?"

"अहो ताई, पाठवा!"

रंगासाठी अक्षरांच्या आधी अशा खुणा घालाव्या लागतात. स्क्रीन त्या गिळते आणि रंग दाखवते. फाईल गिळत नाही, जशाच्या तशा ठेवते. एवढं मला माहीत होतं. पलीकडचा प्रोग्राम ओळीची सुरुवात बघतो, हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी जोडून बघायला मला उठावं लागलं असतं, आणि मी उठलो नाही.

ओळी आता कंसाने सुरू होत होत्या. त्या प्रोग्रामला एकही 'फेल' सापडेना. दुरुस्तीवाला आला नाही. चौथ्या दिवशी एका कंटेनरचा वास ऑफिसपर्यंत आला. कोळंबी आहे हे ओळखायला ताईंना दार उघडायची गरज पडली नाही. नाकाला ओढणी लावून त्या बराच वेळ तिथे उभ्या होत्या. "कुनाची तरी म्हेनत," एवढंच म्हणाल्या.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, फाईल कोणी हाताळली? कोणीतरी म्हणालं, ताई पाठवण्याआधी फाईल उघडून बसतात, त्यांच्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार.

"मी फक्त वाचते, साहेब," त्या म्हणाल्या. "आनि हे कंस मी सरांना दाखवले पन होते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ताईंनीही.

"नक्की आठवत नाही," मी म्हणालो.

संध्याकाळी मी स्क्रिप्टमध्ये एक अट घातली: यादी स्क्रीनवर जात असेल तरच रंग. एका ओळीचं काम. कोणालाही सांगितलं नाही. महिनाअखेरीस ताईंचं कंत्राट संपलं आणि नवं झालं नाही. शेवटच्या दिवशीही त्यांनी फाईल वाचून पाठवली, सगळ्यांचा निरोप घेतला, माझाही. मी "या परत" म्हणालो. हे असलं बोलता येतं माणसाला.

वर्षभराने बंदरातल्या एका कामासाठी उरणला गेलो होतो. गेटपाससाठी ओळखपत्राची झेरॉक्स हवी होती. बाजारातल्या एका दुकानात शिरलो, तर काउंटरमागे त्या.

"सर! तुमी हिकडं कुठं?" त्यांच्या चेहऱ्यावर खरंच आनंद होता. मला तो बघवेना.

त्यांनी ओळखपत्र मशीनखाली ठेवलं. झाकण बंद होईपर्यंत मी थांबलो आणि म्हणालो, "ताई, त्या दिवशी मला आठवत होतं."

"म्हाईत हाय."

"मी आता साहेबांना लिहून देतो."

"साहेब हायत का तिथं?"

"नाहीत. दुसरीकडे गेले."

त्यांनी मान हलवली. मशीनमधून कागद आला, तो त्यांनी दोन्ही बाजूंनी बघितला.

"तुमचं तोंड बघितलं तेव्हा, सर, वाटलं, पोरगा घाबरलाय. उद्या सांगंल. रोज वाटायचं, आज सांगंल. शेवटच्या दिवशी पन सहापर्यंत थांबले होते मी."

माझ्या मागे हातात फॉर्म घेऊन एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ताईंनी झेरॉक्स माझ्याकडे सरकवली आणि त्या गृहस्थांकडे वळल्या. "या, बाबा. बसा. नाव सांगा."

मी काउंटरवरचा हात काढून घेतला आणि त्यांना जागा करून दिली.