बाबूजींना शिक्रा दाखवला

शिक्रा ओळखण्यात माझा हात धरणारं जळगावात फारसं कुणी नाही. हे मी लाजत-बिजत सांगत नाही. आभाळात नुसता ठिपका दिसला तरी पंख मारण्याच्या ढंगावरून मी नाव सांगते. दुर्बीण मागाहून लावते, तीही बरोबरच्यांची खात्री पटावी म्हणून.

ही विद्या मी घराच्या गच्चीवर शिकले. आमचं मारवाडी जैन कुटुंब, बाजारात कापडाचं दुकान. दुकान उघडायच्या आधी बाबूजी, म्हणजे माझे वडील, गच्चीवर कबुतरांना ज्वारी टाकत. दाणे टिपणाऱ्या कबुतरांवर शिक्रा झडप घालायचा, म्हणून लहानपणी मला पहाऱ्याला उभं केलेलं असे. शिक्रा दिसला की टाळी वाजवायची. पण घारीला बघून टाळी वाजवली तर कबुतरं उगाच उडायची, उपाशी राहायची आणि बाबूजी माझ्यावर उखडायचे. त्यामुळे दुरूनच अचूक ओळखणं भाग होतं. घार लांब पंख पसरून निवांत तरंगते. शिक्र्याचे पंख आखूड. तो झपाझप फटके मारतो, मग घसरतो, पुन्हा फटके मारतो, आणि येतो तो कठड्यालगत, चोरासारखा.

कबुतरं वाचवता वाचवता माझा जीव त्या चोरावरच जडला. बाबूजींना ते कधी रुचलं नाही. ज्या घरात मुंगीलाही वाट करून देतात, तिथली मुलगी मांस फाडणाऱ्या पक्ष्यामागे सातपुड्यात वणवण करते म्हणजे काय! कुणी विचारलं की ते सांगत, "मुलगी जंगलखात्यात काहीतरी शिकवते." 'शिकारी पक्षी' हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. मी पन्नाशी ओलांडली तरी ते 'काहीतरी' मला टोचायचं. एकदा तरी त्यांनी माझं काम चारचौघांत स्पष्ट सांगावं, एवढीच माझी हाव होती.

गेल्या हिवाळ्यात पालला, यावल अभयारण्यात, नव्या वनरक्षकांना शिकारी पक्ष्यांची ओळख करून द्यायची होती. मी बाबूजींना म्हटलं, "चला ना एकदा. नाही आवडलं तर गाडीत बसा." ऐंशीला टेकलेले बाबूजी उकळलेल्या पाण्याची बाटली आणि खाखऱ्यांचा डबा घेऊन निघाले. सावद्यापर्यंत केळीच्या भावावर बोलत होते. खिरोद्यानंतर घाट लागला तसे खिडकीबाहेर बघू लागले.

वर एका मोकळ्या जागी आम्ही त्यांच्यासाठी खुर्ची टाकली. सागाच्या वाळक्या फांदीवर एक करडा पक्षी येऊन बसला. साक्रीकडच्या एका वनरक्षकानं लगेच बोट दाखवलं, "ताई, हाऊ शिक्रा शे ना?"

"पावशा आहे. रंग तसाच, शेपटीवर पट्टेही तसेच. पण बसल्या बसल्या शेपूट कशी हलवतोय बघ. शिक्रा असा नाचत नाही."

"बठ्ठा सारखाच दिसतस!" तो कपाळाला हात लावून म्हणाला. "सुरुवातीला सगळेच सारखे दिसतात," मी म्हटलं. सगळे हसले. मी खुर्चीकडे चोरून पाहिलं. बाबूजी पावशाकडे बघत होते.

खरा शिक्रा थोड्या वेळानं आला. झाडीतून खालच्या अंगानं सुटला आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यानं जमिनीवरचा होला उचलला. पिसं उडाली. वनरक्षक खूश झाले. आता बाबूजी उठून गाडीत जाऊन बसणार, आणि पुन्हा या विषयाचं नाव काढणार नाहीत, असं मी धरूनच चालले.

त्यांनी मान वळवली होती. ओठ हलत होते, होल्यासाठी नवकार म्हणत असावेत. मग तसंच दुसरीकडे बघत त्यांनी विचारलं, "पिल्लं असतील का त्याला?"

"आत्ता नाही. उन्हाळ्यात होतात."

"मग स्वतःपुरतंच मारलं. आता आणखी मारेल?"

"पोट भरलंय तोवर नाही, बाबूजी."

"साठवून ठेवत नाही?"

"नाही."

"मग आपल्या बाजारातल्या निम्म्या लोकांपेक्षा बरा म्हणायचा," असं म्हणून त्यांनी हळूच मान वर केली आणि फांदीवर बसलेला तो शिक्रा नीट पाहिला. बराच वेळ पाहिला. डोळा पिवळा आहे का लाल, हेसुद्धा विचारलं. मी माझी दुर्बीण त्यांच्या गळ्यात घातली. पट्टा त्यांच्या मापाचा करत मी मागेच उभी राहिले, डोळ्याचा रंग वनरक्षकांनीच त्यांना सांगितला.

दुपारी आम्ही डबे उघडले आणि बाबूजींचा फोन वाजला. सावद्याचे केळीचे व्यापारी, त्यांचे जुने स्नेही. घाटात रेंज धड नसते, म्हणून बाबूजी उभं राहून ओरडायला लागले. "मी पालला आलोय! अहो, देवाला नाही, मुलीचं काम बघायला! ती पक्षी शिकवते!" पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. वनरक्षक जेवता जेवता थांबले. बाबूजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं ओरडले, "पोपट-बिपट नाही हो, शिकारी! शिकारी पक्षी! माझी मुलगी शिकवते!"