त्र्याहत्तरावं अक्षर

पडद्यावर ३६५ स्वच्छ दिसत होतं आणि मशीन मात्र ३६ धरून चाललं होतं. नोकरीचे दिवस मोजणारा जुना प्रोग्राम कोणाला वाचता येईना, म्हणून ऑफिसने निवृत्त झालेल्या मला घरून बोलावलं आणि मी वीस वर्षांनी पुन्हा कोबॉल ही जुनी संगणकाची भाषा शिकायला बसले. सकाळभर त्या एका लांबलचक ओळीशी भांडले. शेजारच्या खुर्चीवरची केतकी, माझ्या मुलीच्या वयाची, म्हणाली, "मॅडम, एरर तर काहीच येत नाहीये."

येणारच नाही. मग आठवलं. ही भाषा ओळीतली पहिली बहात्तर अक्षरं वाचते आणि पुढचं मुकाट्याने सोडून देते. माझा पाच नेमका त्र्याहत्तरावा होता. तोंडावर नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. हिने ऐकल्यासारखं केलं आणि वर्ष छत्तीस दिवसांचं करून टाकलं.

मला वीस वर्षांपूर्वीही या भाषेचा राग यायचा, आता किळस येते. असली माणसं मी आयुष्यभर सोसलीत. साहेब होते, सासरे होते, नुसती मान हलवणारे. त्यांच्यापुढे मी बोलणं आखूड करत गेले आणि लोक त्याला समजूतदारपणा म्हणाले.

केतकी कितीतरी वेळ काही सांगत होती. पाच अलीकडे ओढत मी "हो, हो" म्हणत होते. ती थांबली.

"मॅडम, मी शेवटी काय म्हणाले?"

मला तिची सुरुवात तेवढी आठवत होती.