सातव्या काकूच्या दारातली तिबेटी फौज

पूर्वी अख्ख्या चीनला एकच बादशहा होता म्हणे. आमच्या सातव्या काकूला ते कधी पटलं नाही. तिच्या हयातीत उत्तरेला उयगुर बसले, दक्षिणेचा किनारा समुद्राकाठच्या चंपा देशाच्या राजानं गिळला, आणि आमच्या ताय सरोवराकाठी तर राजे चिमण्यांसारखे येत-जात. काकू म्हणायची, "राजा कुनी का असंना, तुतीची पालवी थांबत न्हाई."

काकू म्हणजे शन घराण्यातली सातवी सून, माझी चुलती. बुटकी बाई, पण हाक मारली की पलीकडच्या काठावरची बदकं उडत. रेशमाच्या महिन्यात मात्र ती कुजबुजीवर यायची. त्या महिन्यात आमच्याकडे दाराला पीचची डहाळी लावतात. ती दिसली की पाहुणा मागं फिरतो, वसुलीवालासुद्धा. घरात मासा तळायचा नाही, भांडायचं नाही, परक्या वासाचं माणूस आत घ्यायचं नाही. रेशमाच्या किड्यांना किडे म्हणायचं नाही, बाळं म्हणायचं.

त्या साली तिबेटी आले ते नेमके बाळं कात टाकायच्या शेवटच्या झोपेतून उठल्यावर. तेव्हा ती अखंड पानं खातात आणि मग कोष विणायला चढतात. या दिवसांत बिघडली, तर घराचा वर्षाचा भात गेला. आणि फौजेला मुक्कामाला घरं हवी होती.

काकूच्या दारात तुकडीचा नाईक ल्हाजांग उभा राहिला. अंगाला मेंढीच्या चरबीचा वास. चेंगदू शहरात राहिल्यामुळं चिनी बोली त्याला येत होती.

"म्हातारे, दार उघड. हा मुलूख आता आमचा."

"आसू दे की," काकू म्हणाली. "पर हळू बोल. बाळं जेवत्यात."

"किती बाळं?" तोही नकळत हळू बोलला.

"आसतील चाळीस हजार."

मागची माणसं हसायला लागली. काकूनं दार किलकिलं केलं. आत टोपल्यांच्या उतरंडी, आणि सगळं गाव दबक्या दातांनी काकडी खातंय असा आवाज. हसणारे माना पुढं काढून बघायला लागले.

"तुझा वास आत गेला तर सगळी मरत्याल. मग मुलूख घिऊन काय चाटनार? राजाला रेशीम कुठनं दिशील?"

"मग आम्ही झोपायचं कुठं?"

"तुतीच्या बागंत. आदी वढ्यात आंगूळ. राखंनं घासून."

"आमच्यात एवढ्यातेवढ्याला अंघोळ करत नाहीत."

"मागची कवा केलीवतीस?"

ल्हाजांग ओढ्याकडं निघाला.

शेजारपाजार फौजेच्या भीतीनं बोरूच्या बेटांत पळालेला, त्यामुळं पानं तोडायला हात कमी पडत होते. काकूनं सैनिकांनाच फांद्यांवर चढवलं. ओलं पान बाळांना बाधतं, म्हणून एकेक पान पुसायला लावलं. "तलवार पुसत्यात तसं नगं रं, भाड्या. लेकराचं त्वांड पुसत्यात तसं." वरून पुढं कूच करायचा हुकूम आला, तेव्हा ल्हाजांगनं चिखलानं वाट बंद असल्याचा निरोप धाडला. आभाळ निरभ्र होतं.

शेवटी बाळं पिवळसर झाली आणि पेंढ्यांवर चढली. धागा धरल्यावर काकूनं ल्हाजांगला उंबऱ्यापाशी बोलावलं. तो श्वास रोखून बघत राहिला. पेंढ्यांवर पांढरं धुकं धरत होतं.

"एवढं खातात, आणि शेवटी घर बांधतात," तो पुटपुटला.

"तुमीबी शिका," काकू म्हणाली.

तो हसू दाबत पार ओढ्यापर्यंत पळाला, आणि तिथं गेल्यावरच मोकळा हसला.