तुळसाकाकीनं नवऱ्याला दर्यावरून घरी आणलं

एकोणीसशे एकसष्टच्या थंडीत मालवणात हुतुतूचे मोठे सामने भरले. पुण्या-मुंबईचे संघ आले. बंदराजवळच्या मैदानाभोवती मांडव पडला, आणि गर्दी आवरेना म्हणून पेठेतला मुख्य रस्ता बांबू बांधून बंद केला. एस.टी. गावाबाहेरच थांबायची. कणकवली-कुडाळकडची माणसं ट्रकांतून, बैलगाड्यांतून येत होती आणि जागा मिळेल तिथं गाडी सोडून मैदानाकडे पळत होती. शेवटच्या दिवशी तर कुणीतरी मंत्री यायचा होता.

त्याच दिवशी सकाळी आमच्या आचऱ्याचे हरिश्चंद्र मुणगेकर मालवणच्या दवाखान्यात वारले.

हरिश्चंद्र गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. मंगळुरी कौलं भरून मुंबईला जायचं, तिथला माल घेऊन परतायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. पावसाळ्यात गलबतं किनाऱ्याला ओढली की काय ते घरी. बाकीचं वर्ष घर, शेत, म्हातारी सासू काशीबाई, सगळं त्यांची बायको तुळसा बघायची. आम्ही तिला तुळसाकाकी म्हणायचो. उंच, सावळी आणि कमी बोलणारी. शेताच्या बांधावरून कुणाशी वाद झाला तर ती कुदळ खाली ठेवून समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायची, आणि मग एकच वाक्य बोलायची. ते बहुधा शेवटचं असायचं.

कावीळ पोटात उतरली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. नवऱ्याचे डोळे मिटले तेव्हा काकी रडली नाही. तिनं गावच्या शिवा गाडीवानाला निरोप धाडला. तो कालच सामने बघायला आला होता. त्यानं बैल जुंपले, गवत पसरलं, दोघांनी मिळून मयत गाडीत ठेवलं आणि वर धुतलेलं धोतर पांघरलं.

पेठेच्या तोंडाशी गाडी अडली. पुढं गाड्याच गाड्या, मध्ये दोन ट्रक, आणि पाठीमागूनही माणसांचा लोंढा. वळायलाही जागा नव्हती. ऊन चढत होतं. काकी नवऱ्याच्या उशाशी बसून पदरानं माश्या वारत होती. बाजूनं जाणाऱ्या एका माणसानं गाडीत डोकावून विचारलं, "बरो नाय काय गो तो?"

"झोपलो हा," काकी म्हणाली.

तो माणूस हसत पुढं गेला. शिवाला ते सोसवेना. "काकी, मी वराडतंय. मयत आसा म्हटल्यार लोक वाट सोडतले."

काकीनं मान हलवली नाही, पण त्याला अडवलंही नाही. शिवा ओरडला. जवळची माणसं थांबली. कुणी टोपी काढली, कुणी हात जोडले. बांबूपाशी उभा असलेला पोलीस धावत आला. त्यानंही खटपट केली, पण ट्रकांचे ड्रायव्हर मैदानात, आणि गाडीवानांचा पत्ता नाही. तो घाम पुसत म्हणाला, "बाई, माझ्या हातात असतं तर मी कधीच सोडलं असतं. संध्याकाळपर्यंत हे हलणार नाही. इथंच स्मशानात नेलंत तर? लोक मदत करतील."

"तेची म्हातारी आवस आचऱ्याक वाट बघता," काकी म्हणाली. "तिका तोंड दाखवल्याशिवाय नाय."

मग ती गाडीतून उतरली. पेठेतून एक बोळ खाली किनाऱ्याकडे जात होता. त्याच्या टोकाला पाणी चमकत होतं. तिनं त्या बाजूला बोट दाखवलं. सामन्याला निघालेल्या चार अनोळखी माणसांनी काही न विचारता मयत उचललं. अंतिम सामना सुरू व्हायच्या बेतात होता, पण त्यांच्यातला एकही मागं वळला नाही. शिवानं गाडी-बैल पोलिसाच्या भरवशावर सोडले आणि तोही मागोमाग निघाला.

किनाऱ्यावर महादूची होडी उभी होती. त्याच मोसमात उतरवलेली, नवीकोरी. महादू जाळी आवरत होता. त्याची बायको विमला पाट्या धूत होती. मयत बघून ती पुढं आली. "नवी होडी आसा बाये. अजून वर्ष पण नाय झाला. मयत नको चढवया."

महादू जाळी आवरत खाली बघत राहिला.

काकी म्हणाली, "ह्यो तांडेल होतो. आयुष्यभर दर्यानच तेका घराक आणल्यान. आज रस्तो बंद आसा, म्हणान परत दर्याकडेच इलंय."

महादूनं जाळी खाली ठेवली. विमलाकडे एकदा बघितलं, आणि होडी पाण्यात ढकलायला खांदा लावला.

वारा बेताचा होता. शीड भरलं. मालवण मागं पडलं तरी मैदानावरचा गलका पाण्यावरून येत राहिला, एकदा मोठ्यानं, मग तुटक तुटक. महादू सुकाणूवर, शिवा पुढं, मध्ये काकी. अर्ध्या वाटेवर आल्यावर तिनं धोतर जरा बाजूला करून नवऱ्याचं तोंड वाऱ्याला उघडं केलं आणि तिथं तिला पहिल्यांदा रडू फुटलं. दोघे पुरुष समुद्राकडे बघत राहिले.

आचऱ्याच्या किनाऱ्यावर होडी लागली तेव्हा ऊन कललं होतं. काशीबाईला उचलून आणलं. म्हातारीला दिसत नव्हतं. तिनं लेकाच्या कपाळावरून, नाकावरून हात फिरवला आणि म्हणाली, "इलो काय रे?" दिवस बुडायच्या आत अग्नी दिला.

तेरावा झाल्यावर काकी मालवणला गेली. कुणाला सांगून नाही. महादूची होडी वाळूवर होती. तिनं पदर खोचला, समुद्राचं पाणी आणलं आणि काथ्यानं होडीचा तळ घासायला बसली. विमला घरातून बघत होती. थोड्या वेळानं तीही आली, दुसऱ्या टोकाला बसली आणि घासू लागली. होडी स्वच्छ झाल्यावर दोघींनी मिळून दर्याला नारळ सोडला. जेवल्याशिवाय विमलानं तिला सोडलं नाही.

पुढं ग्रामपंचायतीत बायकांसाठी जागा होती, तिथं गावानं काकीला बसवलं. ती सभेत फारशी बोलायची नाही. सहासष्ट साली आचऱ्यातच तालुक्याचे हुतुतूचे सामने ठरले, आणि मंडळानं मांडव थेट बंदराच्या रस्त्यावर घालायचं ठरवलं. मैदान लहान पडत होतं, त्यांचंही खोटं नव्हतं. काकी उठली. "खेळ होवंदे. पण एका गाडयेची वाट मोकळी ठेवा."

मंडळाची पोरं कुरकुरली. दोन रांगा कमी बसणार होत्या. पण तिच्यापुढं कुणी बोललं नाही. मांडव सरकला, रस्त्याच्या कडेला दोरी बांधली, आणि एक गाडी जाईल एवढी वाट सोडली.

सामन्यांच्या दिवसांत त्या वाटेनं गवताची एक गाडी गेली. बाकी कुणी नाही. लोक थोडं हसलेही. काकी दोरीच्या अलीकडे इतर बायकांत बसून अंतिम सामना शेवटपर्यंत बघत होती. आमच्या गावाचा संघ हरला, तेव्हा तिला खरंच वाईट वाटलं.